टपावरचं इन्सुलिन

आमचा एक छोटा गट आहे. रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल आम्ही पत्रकं छापतो आणि सिग्नलला, पेट्रोल पंपावर, गाड्यांच्या शोरूमबाहेर वाटतो. लोक पत्रक घेतात, "छान काम करता हं" म्हणतात आणि त्याच कागदानं गाडीची काच पुसतात. याची मला सवय आहे.

एकदा गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजवर पत्रक करायचं ठरलं. मजकूर मी लिहिला. टपावरच्या कॅरिअरवर किती वजन घालावं, दोरीनं बांधावं की पट्ट्यानं, एका सॉकेटला किती उपकरणं लटकवावीत, गाडीतला फ्रिज कधी चालतो आणि कधी नुसता डबा असतो, असं सगळं. शेवटी एक ओळ होती: "औषध आणि देवाचं दूध यांच्यात जागेवरून भांडण झालं, तर फ्रिजमध्ये औषध राहील आणि दूध बाहेर येईल."

आमच्या गटाचे ज्येष्ठ शनिवार पेठेत राहतात. मजकूर त्यांच्याकडूनच पुढे जातो. त्यांनी तेवढ्या ओळीवर तांबडी रेघ मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"आपण गाड्यांविषयी बोलतो. लोकांच्या देवघरात शिरायचं आपल्याला कारण नाही."

"देवघर गाडीत आलं होतं. मी नव्हते शिरले."

"आपण फार तरुण आहात," ते म्हणाले. पुण्यात 'आपण' म्हणून कुणी तुम्हाला तरुण म्हटलं की समजावं, विषय संपला, चहासुद्धा मिळणार नाही.

म्हणून ती ओळ इथे लिहिते आहे, आणि ती कुठून आली तेही.

आमचं घर धायरीचं. आजोबांच्या वेळी शेती होती. आता शेतात इमारती आहेत, त्यातल्या एका इमारतीत आम्ही आहोत, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पत्र्याखाली एक म्हैस आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी त्या म्हशीचा विषय निघतो आणि दर वेळी काका उठून म्हणतात, "जमीन आमची व्हती, म्हैसबी आमचीच हाय." मग विषय बसतो.

काकांनी सात जणांची मोठी गाडी घेतली. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. मग ते अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेले आणि दुकानदारानं जे जे हातात घेऊन दाखवलं ते ते लावून आले. टपावर कॅरिअर. डॅशबोर्डवर दोन छोटे पंखे, एसी असताना. लॅपटॉप चालवायला इन्व्हर्टर. एका सॉकेटची चार सॉकेट करणारी पट्टी. आणि मधल्या सीटसमोर ठेवायचा फ्रिज. कशाला किती करंट लागतो, गाडीचं मूळ सॉकेट किती देतं, हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. मी विचारलं, तर काका म्हणाले, "तू काय आरटीओ हाईस का?"

काकूला मधुमेह. तिला दोन्ही जेवणांआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. गाडी घेण्याच्या आदल्या दिवाळीत साखर इतकी चढली की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. जखम भरत आली होती, पण पुरती नाही. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून सांगितलं होतं: साखर परत वर गेली तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. त्या वेळी काकांनी मान हलवली होती. ती मान मी पाहिली आहे.

काकूबद्दल आणखी एक सांगते. मी पत्रकांचं काम सुरू केलं तेव्हा घरात सगळे हसले. काकू हसली नाही. ती टीव्हीसमोर बसून माझी पत्रकं घडी घालून द्यायची, एकाला एक कड जुळवून. वाचायची नाही. "मला घड्या घालू दे, अक्कल तू वाट," म्हणायची.

तर नवस. चुलत भावाला, म्हणजे काकांच्या मुलाला, हिंजवडीत नोकरी लागली, तेव्हा थोरल्या आत्यानं सोलापूरकडच्या आमच्या कुलदेवीला नवस बोलला होता: पोराच्या हातून घरच्या म्हशीच्या दुधाचा अभिषेक. थोरली आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न होऊन ती नऱ्ह्याला गेली, पण आमच्या घरातला अधिकार बरोबर घेऊन गेली. देवाचं काहीही असलं की ती येते आणि काका तिच्यासमोर पोरासारखे उभे राहतात.

मे महिन्याची सकाळ. गाडी खाली उभी. काकूनं इन्सुलिनचं पेन आणि जास्तीचं औषध एका स्टीलच्या डबीत, फडक्यात गुंडाळून, फ्रिजमध्ये ठेवलं. फडकं मीच गुंडाळायला सांगितलं होतं, कारण असल्या फ्रिजच्या तळाला थेट टेकलं तर औषध गोठू शकतं, आणि गोठलेलं औषधही वायाच जातं. एवढं करून मी टपावर चढले, कारण काकांनी सामान सुतळीनं बांधलं होतं. सुतळीनं! पातेली, शेगडी, सतरंज्या, पाण्याचा भरलेला कॅन, वर काळी ताडपत्री. मी कॅन खाली उतरवला, सुतळी कापली, पट्टे मागितले. काका खालून ओरडत होते, "आमी बैलगाडीत पोती बांधलीत, आमाला शिकवू नगं!" मी वरून ओरडत होते, "बैलगाडी हायवेला ऐंशीनं जात नव्हती!"

खाली त्याच वेळी काय चाललं होतं ते मला दुपारी कळलं.

आत्या आंघोळ करून, कुणाला न शिवता, दुधाची किटली घेऊन आली. म्हैस तिनं स्वतः उभं राहून पिळवून घेतली होती. फ्रिज उघडला आणि डबी दिसली.

"ह्यात काय हाय?"

"माझं इंजेक्शन, वन्सं."

"रगताची सुई? देवीच्या दुधाशेजारी?"

"सुई वेगळी असते, वन्सं. ती पर्समध्ये आहे. हे नुसतं औषध."

"अंगात टोचायचंच ना ते? रोजचं उष्टं. काढ."

काकूनं काढलं. पायाशी ठेवायला गेली, तर तिथे नारळाचं पोतं आणि ओटीचं सामान. मांडीवर पर्स होती, पण ती ओटीच्या साडीला लागेल म्हणून तिच्यातही औषध नको. मग आत्यानंच सुचवलं, की ते काकूच्या कपड्यांच्या निळ्या पिशवीत घाल आणि पिशवी वर दे. काकांनी ती पिशवी मला वर दिली. मी ती कॅरिअरच्या मधोमध ठेवली, ताडपत्री ओढली आणि पट्टा इतका आवळला की बोटांना वळ उठले. काम चोख झालं होतं. टपावरून काहीही पडणार नव्हतं.

गाडीत एसी होता. काकूच्या साध्या पर्समध्ये जरी ते औषध राहिलं असतं, तरी त्याला काही झालं नसतं. पूर्ण गाडीत त्या औषधासाठी सगळ्यात वाईट जागा एकच होती: काळ्या ताडपत्रीखालचा तापलेला टप. आणि देवधर्म, शिवाशिव, मानपान या सगळ्या चाळण्यांतून गाळून गाळून ते बरोबर तिथेच पोचलं.

सोलापूर पूर्वेला. पण आम्ही निघालो पश्चिमेला, हिंजवडीला. कारण ज्याच्या हातून अभिषेक, त्या भावाचं काहीतरी काम ऑफिसात अडकलं होतं आणि त्याला रिक्षानं धायरीला यायला कमीपणा वाटत होता. हिंजवडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. मग त्याच्या इमारतीच्या बाहेर उघड्या पार्किंगमध्ये उभे राहिलो. काकांनी इंजिन बंद केलं. फ्रिज बंद, एसी बंद. मी म्हटलं, सावलीत घ्या. काका म्हणाले, गार्ड सावलीतून हाकलतोय. टपावर ऊन सरळ पडत होतं.

भाऊ आला तो लॅपटॉप उघडूनच. "जस्ट एक कॉल आहे, ताई, मागे सरक ना." त्यानं लॅपटॉप इन्व्हर्टरला लावला, इन्व्हर्टर पट्टीला, पट्टीत आधीच फ्रिज, पंखे आणि दोन फोन. आम्ही पुन्हा गर्दीत शिरलो आणि वाकडच्या पुलाच्या आसपास डॅशबोर्डवरचे पंखे थांबले.

"फ्यूज गेला," मी सगळ्यात मागच्या सीटवरून म्हटलं. माझ्या एका बाजूला काकू होती आणि दुसऱ्या बाजूला उशा. "फ्रिज पण त्याच सॉकेटवर आहे. बघा एकदा."

"एसी चालू हाय न्हवं? मग पंखं कशाला लागत्यात?" काका म्हणाले.

"पंख्याचं नाही, फ्रिजचं बोलतेय."

"ताई, चिल. मी कॉलवर आहे," भाऊ म्हणाला.

"गाडीत बसल्यापासून हिचं तोंड बंद न्हाय," आत्या पुढच्या मानाच्या सीटवरून म्हणाली. काकांनी देवीची गाणी मोठी केली.

मला वाटत होतं, फ्रिजमध्ये काकूचं औषध आहे. काकूला माहीत होतं की ते तिथे नाही. ती बाहेर बघत राहिली.

अख्खं शहर ओलांडून हडपसरच्या पुढे आलो तेव्हा दुपार झाली होती. रस्त्याकडेच्या एका हॉटेलाशी गाडी थांबली. सगळे उतरले, जेवण सांगितलं. काकू भावाला हळूच म्हणाली, "बाळा, वरची निळी पिशवी तेवढी काढून दे. इंजेक्शन घ्यायचंय."

"वरची?" मी म्हटलं.

मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, टेबलावरचं पाणी बोटानं पुसत पुसत, जणू कुणा तिसऱ्याच बाईची हकिगत.

मी टपावर चढले. पट्टा सोडताना त्याच्या बकलचा चटका बसला. पिशवीतले कपडे गरम होते. स्टीलची डबी दोन हातांत आलटून पालटून धरावी लागत होती. आतलं औषध दिसायला जसंच्या तसं होतं. हाच त्याचा घातकीपणा. दूध नासलं की वास येतो, भाजी सडली की दिसते. उन्हात मेलेलं इन्सुलिन तसंच दिसतं. सुई टोचली जाते, आपल्याला वाटतं घेतलं, आणि साखर आपली चढत राहते.

काकूनं हात पुढे केला. "दे. घेते मी."

"हे नाही घ्यायचं."

"अगं, परवाच फोडलंय. वाया कशाला घालवायचं?"

"वाया कधीच गेलंय, काकू. हिंजवडीतच."

तेवढ्यात गाडीतून आत्याची हाक आली, आणि ती हाक नव्हती, किंकाळी होती. तिनं दूध बघायला फ्रिज उघडला होता. आतली हवा बाहेरच्यापेक्षाही कोंदट होती. दुधाच्या गाठी झाल्या होत्या, वास सुटला होता. फ्यूज गेल्यापासून तो फ्रिज म्हणजे झाकण लावलेलं उबदार खोकं होतं.

मी म्हटलं, आता तरी कळेल. खरंच म्हटलं मनात. मी इतकी पत्रकं वाटली आहेत, तरी मला माणसांची माहिती नाही.

आत्या काकूकडे वळली. "तुझ्या त्या उष्ट्या इंजेक्शनानं झालं. सकाळी ठिवलंवतंस न्हवं त्यात? विटाळला डबा. देवीनं घेतलं न्हाय दूध."

कुणी हसलं नाही. भाऊ, इंजिनिअर, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारा, फोनकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, "सांग ना, कशानं झालं. तुला वीज कळते."

"ताई, सोड ना यार. आत्या इमोशनल झालीये."

मी फ्यूजचं झाकण उघडून जळालेला फ्यूज काढला आणि आत्यासमोर धरला. "हे बघ, आत्या. ही तार तुटलीय. देवीनं तोडलेली नाही, ह्याच्या लॅपटॉपनं तोडलीय."

"देवीला तोडायला हात लागत्यात व्हय?" आत्या म्हणाली.

मी तो फ्यूज रुमालात बांधून ठेवला.

काका मात्र कामाला लागले. "म्होरं लोणी गावात वळखीचा गोठा हाय. म्हशीचं ताजं दूध घिऊ. घरचं न्हाय, पर म्हशीचं तरी. पटपट जेवा."

"आधी औषधाचं दुकान," मी म्हटलं.

"हां, बघू की. वाटंत दिसलं तर थांबू."

"वाटेत नाही. मागे हडपसरला आहे. आत्ता. ती जेवली की साखर चढणार."

"मग जेवू नको म्हणावं जरा येळ," काका म्हणाले. "देवळात पोचायचंय. एक टायम न्हाय घेतलं तर माणूस मरत न्हाय."

काकू तिथेच बसली होती. समोर ताट आलं होतं. तिनं ताटाला हात लावला नव्हता. नवरा 'मरत न्हाय' म्हणाला तेव्हा तिनं टेबलाखालचा डावा पाय आणखी आत ओढून घेतला, चपलेसकट. कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

मी तिच्या हाताला धरून उठवलं. "चल."

"अगं, नवस आहे..."

"चल, काकू."

रिक्षात ती माझ्याशी भांडली. लोक काय म्हणतील, वन्सं काय म्हणतील, तू कायम असं करतेस, तुझ्या पत्रकांनी तुझं डोकं फिरवलंय. हडपसरच्या दुकानदाराला मी पेन दाखवलं आणि कुठे ठेवलं होतं ते सांगितलं. त्यानं विचारलं, "टपावर? का?" मी म्हटलं, "खाली देवी बसली होती." त्यानं माझ्या फोनमधला डॉक्टरांचा कागद बघितला, फ्रिजमधून नवं औषध काढलं, आणि काकूला दुकानातल्या स्टुलावर बसवलं. तिनं पदर जरा बाजूला करून पोटात सुई घेतली. तिथेच मागवलेला डबा खाल्ला.

काकांचा फोन आला. मी उचलला.

"कुठं हाय तुमी? आमी निघतोय."

"निघा," मी म्हटलं.

"तिला दे."

काकूनं फोन घेतला. पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही व्हा पुढं. वन्संना सांगा, मला गाडी लागली."

गाडी लागली! औषध उन्हात तळलं, अपमान झाला, ताटावरून उठावं लागलं, आणि सांगायचं काय, तर गाडी लागली. मी तिच्यावर तिथल्या तिथे चिडले. ती म्हणाली, "मला त्यांच्यात राहायचंय. तुला नुसतं जिंकायचंय." बसमध्ये स्वारगेटपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. औषध तिनं खिडकीपासून लांब, मांडीवर, पर्सखाली धरलं होतं. तेवढं मात्र मला न विचारता केलं.

तिसऱ्या दिवशी मंडळी परतली. घरात प्रसाद, कुंकू, अंगारा. आत्या सोफ्यावर मधोमध. अभिषेक गोठ्यातल्या दुधानं झाला आणि देवीनं उजवं फूल पाडून कौल दिला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे देवीची घरच्याच म्हशीवर काही सक्ती नव्हती. हे मी मोठ्यानं म्हटलं. काकांनी डोळे वटारले.

गाडीच्या सॉकेटला त्यांनी वाटेतल्या मेकॅनिककडून मोठा फ्यूज टाकून घेतला होता, "आता जात न्हाय बघ". म्हणजे आता फ्यूजऐवजी वायर जळेल. हेही मी म्हटलं.

"बास!" आत्या म्हणाली. "त्या दिशी निसता तमाशा केला हिनं. औषध खराब झालं, औषध खराब झालं. सवाष्ण बाईला नवसाच्या वाटंवरनं उठवून न्हेलं. आन् झालं काय शेवटी? हाय की धडधाकट बसलेली. कायसुदिक झालं न्हाय."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी काकू बोलली. ती खाली बसली होती, प्रसादाच्या पुड्या बांधत, एकाला एक कड जुळवून. हात थांबले नाहीत.

"झालं नाही, वन्सं, कारण ही घेऊन गेली. नाहीतर पुढचा नवस माझ्या पायासाठी बोलावा लागला असता तुम्हाला."

काका खिडकीतून खाली म्हशीकडे बघायला लागले. आत्यानं आधी काकूकडे बघितलं, मग माझ्याकडे, सावकाश.

"बघितलंत?" ती म्हणाली. "आता हीबी बोलाय लागली. हे सगळं ह्या पोरीनं शिकवलं."

"मी पुड्या बांधतेय, वन्सं," काकू म्हणाली. "तुम्हाला नऱ्ह्याला न्यायला किती देऊ?"